माझ्या बापाचं सोंग

"आनखी वाक," मालगुजार म्हणाला. "कोतवाल इतका ताठ नसते."

माझा बा गावचा कोतवाल, म्हणजे गावकीची कामं करणारा महार. पण हे तो बाला म्हणत नव्हता. बा वाकलेलाच होता. म्हणत होता शिरपतला. शिरपत कुणब्याचा, चांगल्या खात्यापित्या घरचा, आणि आमच्या गावच्या दंडारीतला नावाजलेला सोंगाड्या. धानाची कामं उरकली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव दंडार होते. गावचेच गडी नाचतात, गातात, सोंगं घेतात. शिरपत त्यात राणी व्हायचा. मिशी काढायचा, कंबर लचकवायचा, बाया पदर तोंडात धरून हसायच्या. पण त्या दिवशी त्याला राणी व्हायचं नव्हतं. महार व्हायचं होतं. आणि महार कसा व्हायचा हे शिकवायला माझ्या बापाला बोलावलं होतं.

मालगुजाराचं अंगण. तो बंगईवर बसून झोका घेत होता. सरकारनं मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, काढून टाकली होती. मालगुजारी गेली, मालगुजार कुठं गेला? बंगईही तीच होती. ओसरीवर शाळेचे गुरुजी. भोवती गावची माणसं, मजा पाहायला जमलेली. बा अंगणाच्या कडेला, जिथवर त्याला येऊ द्यायचे तिथवर. मी त्याच्याही मागे, फाटकाबाहेर. डोक्यावर सरपणाची मोळी. ती कुठं टाकायची ते कोणी सांगेना, म्हणून तशीच उभी होते.

बा म्हणायचा, "जोहार मायबाप."

शिरपत म्हणायचा, "जोहार मायबाप."

"नाई जमलं," मालगुजार म्हणाला. "तो कसा घशात ओढून बोलते, पाहा. पुन्ना म्हन रे."

हा 'रे' बाला. बा पुन्हा म्हणाला. पुन्हा वाकला. हात कपाळाला कसा न्यायचा, नजर कुठं ठेवायची, बोलताना तोंडापुढं हात कसा धरायचा, म्हणजे आपला श्वाससुद्धा मोठ्यांच्या अंगावर जाऊ नये, सगळं करून दाखवलं. शिरपत हुशार गडी. चार वेळा पाहिलं आणि पाचव्या वेळी असा वाकला की मला वाटलं अंगणात माझे दोन बाप उभे आहेत. माणसं पोट धरून हसली. मालगुजाराची बंगई थांबली इतका तो हसला.

बासुद्धा हसला.

तेच मला गिळता आलं नाही. लोकांचं हसू सोसलं, त्यात नवं काय होतं. पण आपल्या लाचारीची कोणी नक्कल करावी आणि ती बरोबर जमली म्हणून आपणच खूष व्हावं?  मोळी खाली आपटली आणि तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जाऊन ओकले.

हे सगळं कशासाठी, तर पाण्यासाठी.

गावाच्या मध्ये नवी विहीर झाली होती. सरकारी पैशानं. सरकारची अट अशी की ही विहीर सगळ्यांची, अस्पृश्यांचीही. आता चांद्याहून कोणी मोठे साहेब येणार होते. महारानं विहिरीचं पाणी काढायचं, ते साहेबांनी प्यायचं, मग सगळ्या जातींनी एका पंगतीत बसायचं. हे नीट पार पडलं तर गावाला पक्का रस्ता मिळेल, शाळेला दुसरी खोली मिळेल, असं गुरुजी सांगत.

आम्ही महारपुऱ्यातले लोक पाणी प्यायचो ते गावाबाहेरच्या बोडीचं. बोडी म्हणजे लहानसं तळं. त्यातच ढोरं बसायची, त्यातच आमची भांडी बुडायची. त्या पाण्यानं नारू व्हायचा. ज्यांनी नारू पाहिला नाही त्यांना सांगते. पायाला फोड येतो, फुटतो, आणि त्यातून दोऱ्यासारखा पांढरा किडा बाहेर येतो. तो काडीला गुंडाळायचा आणि रोज थोडा थोडा ओढायचा. घाई केली तर आत तुटतो आणि पाय सडतो. माझी माय तेव्हा दारात पाय पसरून बसलेली असायची, पायाला काडी बांधलेली. ती तशीच बसून तांदूळ निवडायची. लहान भाऊ तिला विचारायचा, "माय, आज किती निंगाला?"

म्हणून बा वाकत होता. मला ते तेव्हाही कळत होतं. पण कळलं म्हणून किळस जात नाही.

गुरुजी आमच्या पुऱ्यात आले तो दिवस मला आठवतो. मोहाच्या झाडाखाली उभे राहिले, धोतराचा सोगा वर धरून. त्यांची वाणी गोड होती. असा गोड बोलणारा माणूस मी नंतरही पाहिला नाही. करणी कसायाची, बोलणी मानभावाची म्हणतात ना, ती म्हण त्यांच्यावरूनच निघाली असेल.

"बाबांनो," ते म्हणाले, "तुम्ही पंगतीला बसलात तर गाव जेवायला बसणार नाही. गाव बसलं नाही तर साहेब रागावतील. साहेब रागावले तर विहीर कुणाचीच होणार नाही. त्यापेक्षा तुमच्या जागी आपले दंडारीतले गडी बसतील. साहेब खूष होऊन जातील. मग हळूहळू विहीर तुमचीच."

एक म्हातारा म्हणाला, "म्हंजे आमी कुठी राहाचं त्या दिवशी?"

"दिसायचं नाही. एवढंच."

एवढंच! आणि गंमत पाहा, त्यांचं बोलणं ऐकून आमची माणसं मान डोलावत होती. मीही डोलावली असेल. त्यांच्या बोलण्यात एक पायरी दुसऱ्या पायरीवर अशी नीट बसवलेली असायची की चढता चढता माणूस कुठं पोचला ते त्याला कळायचं नाही. पोचलो की कळायचं, आपण विहिरीपाशी नाही, कुंपणाबाहेर आहोत. हेच गुरुजी शाळेत पोरांना शिकवत, दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं. आमची पोरं शाळेच्या पडवीत बसून ती म्हण घोकायची.

मग कपड्यांचा प्रश्न आला. शिरपतला महार दिसायचं तर महाराचे कपडे हवेत. बानं आपलं धोतर आणि घोंगडी द्यायची तयारी दाखवली. भोळा माझा बाप. मालगुजार त्याच्याकडे असा पाहायला लागला, जशी काही त्यानं शिवीच दिली. बाचं धोतर शिरपतच्या अंगाला लागलं तर शिरपत बाटेल ना! म्हणून बाजारातून कोरं धोतर आणलं. ते तलावाच्या गाळात लोळवलं, उन्हात वाळवलं, निखाऱ्यानं त्याला भोकं पाडली. एक नवी घोंगडी आणून तिचे काठ कातरले. आमची गरिबीसुद्धा त्यांना आमच्या अंगावरची नको होती. त्यांनी ती नवी शिवून घेतली.

पत्रावळींची पळसाची पानं मात्र आम्हीच जंगलातून आणून दिली. चुलाण्याचं सरपण आम्हीच फोडलं. पानांना विटाळ नव्हता, लाकडाला नव्हता. विटाळ होता तो फक्त माणसाला.

साहेबांचा दिवस उगवला. आम्हाला पहाटेच तलावाच्या पाळीपलीकडे नेऊन बसवलं, बायापोरांसकट. चूल पेटवायची नाही, धूर दिसेल. मोठ्यानं बोलायचं नाही. मायला उचलून आणलं होतं, तिचा पाय एका दगडावर ठेवला होता. बा काठी आडवी घेऊन बसला. पोरं रडायला लागली की कोणीतरी त्यांच्या तोंडावर हात धरायचं. आपल्याच गावात आम्ही चोरासारखे बसलो होतो, आणि आमच्या नावानं गावात सोहळा चालला होता.

मी पाळीवर चढले आणि बेशरमाच्या झुडपाआडून पाहायला लागले. विहीर तिथून हाकेवर होती.

जीप आली. साहेब उतरले. पांढरी टोपी, पांढरा सदरा, चेहऱ्यावर थकवा. गुरुजींनी हार घातला. मग शिरपत पुढे झाला. त्याचं ते भोकांचं धोतर, कातरलेली घोंगडी. वाकला. जोहार घातला. एकदा नाही, तीनदा. सोंगाड्याला आवरत नाही, टाळ्या ऐकल्या की तो वाढवतो. त्यानं बादली सोडली, पाणी काढलं, साहेबांच्या ओंजळीत ओतलं. साहेब प्याले. टाळ्या झाल्या. ज्या विहिरीच्या सावलीलाही आम्ही गेलो नव्हतो, तिचं पाणी महाराच्या हातून पिऊन झालं.

पंगत विहिरीपाशीच बसली, पाळीच्या बाजूला, इतकी जवळ की बोलणं मला ऐकू येत होतं. भात, वरण, आलुवांग्याची भाजी, वडे. साहेब मुद्दाम शिरपतच्या शेजारी बसले. इकडे पाळीमागे आमची पोरं त्या वासानं कासावीस झाली होती. हेही मी सोसलं. भूक काही नवी नव्हती.

जेवता जेवता साहेबांनी शिरपतला विचारलं, "नाव काय तुझं?"

शिरपतनं माझ्या बापाचं नाव सांगितलं.

पूर्ण नाव. आज्याच्या नावासकट. घशात ओढून, तोंडापुढं हात धरून.

"गावात काही त्रास होतो का तुम्हा लोकांना?"

"काई नाई सायेब," शिरपत म्हणाला. "मायबाप लेकरावानी ठेवतेत. आमी सुखी आहो."

माझ्या अंगात काहीतरी पेटलं. कपडे खोटे, ते ठीक. जोहार खोटा, तोही ठीक. पण आमच्या तोंडचं बोलणं? माझी माय पायाला काडी बांधून मागे बसली आहे आणि हा माझ्या बापाच्या नावानं सांगतो, आम्ही सुखी आहोत! म्हणजे उद्या आम्ही ओरडून सांगितलं तरी कोण ऐकणार? आमची साक्ष तर होऊन गेली. आमच्या वतीनं, आमच्या आवाजात, आम्हाला कुंपणाबाहेर बसवून.

मी उठले. मागून बा दबक्या आवाजात म्हणाला, "कुठी चालली? बस खाली." मी बसले नाही. पाळ उतरले आणि चालत सुटले. कोणी अडवायच्या आत पंगतीपुढं जाऊन उभी राहिले. 

"सायेब," मी म्हणाले, "हा माहा बाप नोहे. माहा बाप तिकडं पाळीमागं बसून आहे. हा कुनबी आहे. सोंग घेऊन राह्यला."

 मालगुजाराचा घास हातात राहिला. साहेबांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींचा चेहरा पांढरा पडला, पण जीभ जागेवर होती. ते हसले.

"मुलगी जरा वेडसर आहे, साहेब. याचीच पोर आहे. का रे?"

आणि शिरपत उठला. कसलेला गडी तो, दंडारीत कोणी ओळी विसरला तर सांभाळून घ्यायची सवय. त्यानं कपाळाला हात लावला, डोळ्यांत पाणीही आणलं. "हो सायेब. माहीच पोर. डोक्यानं कमी आहे बिचारी. चाल बाई, घरी चाल." असं म्हणून त्यानं माझ्या डोक्यावरून फिरवायला हात पुढे केला.

आणि हात थांबला.

माझ्या डोक्याच्या वर, वीतभर अंतरावर. टेकेना. त्यानं आवाज उचलला होता, वाकणं उचललं होतं, माझ्या बापाचं नाव उचललं होतं. पण पोरीच्या डोक्यावर हात ठेवणं त्याला जमेना. ठेवला असता तर बाटला असता, घरी जाऊन आंघोळ करावी लागली असती, म्हणून नाही. तेवढं त्यानं पंगतीसाठी केलंही असतं. पण हातच ऐकेना. तो हात लहानपणापासून शिकलेला होता.

मला हसू आलं. खरंच आलं.

"बाप आहेस ना?" मी म्हणाले. "मंग लाव हात."

सगळे त्या हाताकडे पाहत होते. साहेबही. मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. त्यांना कळलं होतं. लख्ख कळलं होतं. शिरपतनं हात हळूच मागे घेतला आणि घोंगडीला पुसला. काही लागलं नव्हतं तरी पुसला.

साहेबांनी घड्याळ पाहिलं.

"उशीर होतो आहे," ते म्हणाले. "अजून मार्कंड्याला जायचं आहे."

तेवढ्यात गुरुजींनी शाळेच्या पोरांकडून गाणं सुरू करवलं. जीप गेली. धूळ उडाली आणि बसली.

त्या दिवशी मला जे कळलं ते गुरुजींच्या म्हणीत नव्हतं. जग फसत नाही. जगाला फसून घ्यायचं असतं. फसवणारा आणि फसणारा यांचं आधीच ठरलेलं असतं, पंगतीत शेजारी शेजारी बसतात, एकच वडा दोघं चवीनं खातात. मधल्या मधे मरतो तो कुंपणाबाहेरचा. शिरपतचा मला राग आला, पण साहेबांची किळस आली. शिरपत निदान कष्ट करून खोटं बोलला. साहेबांनी खरं पाहिलं, ओळखलं आणि रुमालानं तोंड पुसावं तसं पुसून टाकलं.

संध्याकाळी शिरपत आणि त्याच्या सोबत्यांनी तलावावर आंघोळी केल्या. ते धोतर आणि ती घोंगडी त्यांनी पाळीवरून आमच्याकडे फेकली. "घ्या, नवीच आहेत." बानं ती उचलली. धोतराचा गाळ झटकला. घडी घातली. मी म्हणाले, जाळून टाक. तो म्हणाला, "काऊन? धोतरानं काय केलं?"

विहीर काही आमची झाली नाही. दुसऱ्याच दिवशी तिच्यात गोमूत्र ओतलं, माझी सावली पंगतीवर पडली म्हणून. बाला चावडीवर बोलावून मारलं. काठीनं, दुरून. गुरुजी पुऱ्यात येऊन म्हणाले, "सगळं जमत आलं होतं. या पोरीनं घात केला." आमच्याच बाया माझ्याकडे पाठ करून बसायला लागल्या.

बा पाठीला हळद लावून घेत होता तेव्हा म्हणाला, "खोटं बोलून पानी भेटत होतं. तू खरं बोलून घालवलंस."

 मायचा नारू तेवढ्यात तुटला होता आणि पाय सुजून काळा पडला होता. ती पुढं जन्मभर लंगडी राहिली. तिनं मला कधी बोल लावला नाही, पण पाणी मागताना माझं नाव घ्यायची नाही.

पुढच्या वर्षी गुरुजी परत आले. कोणी आणखी मोठे साहेब येणार होते, थेट नागपूरहून. मागची कुजबुज तिकडं पोचली असावी. या वेळी गुरुजींनी हातात एक लुगडं आणलं होतं. हिरवं, कोरं. त्यांनी ते लांबूनच आमच्या ओट्यावर टाकलं.

"या वेळी खरंखुरं करायचं," ते म्हणाले. "तू स्वतः पाणी काढायचंस. हे लुगडं नेसून. कोणी काही बोलणार नाही. मालगुजारांनी शब्द दिला आहे."

बाचे डोळे चमकले. माय लुगड्याकडे पाहायला लागली. तिनं आयुष्यात कोरं लुगडं पाहिलं होतं ते दुसऱ्याच्या अंगावर.

मी विचारलं, "आन दुसऱ्या दिवशी?"

"हळूहळू होईल, बाई. आधी दिसू तर दे."

आधी दिसू तर दे. हेच ते. आधी त्यांनी माझ्या बापाचं सोंग काढलं, आता मला माझंच सोंग घ्यायला सांगत होते. खरा महार, खरी बादली, खरं पाणी, आणि सगळं मिळून खोटं. मी लुगडं उचललं आणि त्यांच्या पायाशी टाकलं. ते मागे सरकले.

"पान्याले येईन तं रोज येईन, गुरुजी," मी म्हणाले. "दाखवाले येनार नाई."

 बा खाली मान घालून बसला. मला वाटलं होतं तो उठेल. तो उठला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमची मातीची घागर आणि आमचाच दोर घेतला. जुनं फाटकं लुगडं नेसलेलं होतं, त्यातच निघाले. नागपूरचे साहेब यायला अजून वेळ होता. जीप नव्हती, हार नव्हता, टाळ्या नव्हत्या. विहिरीवर बाया होत्या. त्या किंचाळून बाजूला झाल्या आणि कोणीतरी धावत जाऊन गड्यांना बोलावून आणलं. पहिला आला तो शिरपत. वाटेत दोन्ही हात पसरून उभा राहिला. या वेळी सोंगात नव्हता.

"पुढं येऊ नको," तो म्हणाला.

मी चालत राहिले. त्याचे हात पसरलेले होते आणि मी सरळ त्या हातांकडे चालत होते. मला अडवायचं तर मला धरावं लागलं असतं. मी त्याच्या इतकी जवळ गेले की त्याच्या तोंडाला येणारा तंबाखूचा वास मला आला. त्यानं हात आवरले. मागे सरला. बाकीचेही सरले. सगळ्यांनी मिळून जी भिंत आमच्याभोवती घातली होती, तिनं त्या दिवशी त्यांनाच मागे ढकललं.

मी दोर टाकला. पाणी काढलं. तिथंच उभी राहून प्याले. गोड होतं, खोल विहिरीचं. मग घागर भरून घेतली.

परत निघाले तेव्हा दगड आले. दगडाला विटाळ नसतो. एक कपाळावर बसला, त्याची खूण आजही आहे. घागर फुटली. मी खापऱ्या तिथंच टाकल्या आणि रक्त पुसत घरी आले. मायनं विचारलं, पानी? मी म्हणाले, उद्या.

त्या दिवसापासून मी कुणाला जोहार घातला नाही. माझ्या बापाचं नाव कोणी विचारलं तर घशात न ओढता, मोठ्यानं सांगते. आमच्या वतीनं आम्ही सुखी आहोत असं कोणी बोलायला लागला की मी उठून उभी राहते, मग ती सभा असो की कोणाची पंगत. लोक म्हणतात बाई भांडखोर आहे, वेडसर आहे. म्हणू देत. हे नाव मला पहिल्यांदा मिळालं तेव्हाही मी खरंच बोलत होते.

घागर फुटली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी शेजारणीची घागर मागितली. तिनं दिली नाही. मग घरातलं जर्मनचं पातेलं घेतलं, कपाळाला फडकं बांधलं आणि विहिरीवर गेले.